‘वय झाले’ म्हणण्याआधी कानात पाहावे

घरातील वडीलधाऱ्या माणसाला ऐकू कमी येऊ लागले, की त्याची पहिली वर्दी बहुधा टीव्हीचा वाढलेला आवाज देतो. बातम्या शेजारच्या घरात ऐकू जाऊ लागतात. मग दारावरची घंटा वाजून वाजून थांबते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात, फोनवरचे बोलणे दोन वाक्यांत आटोपते आणि जेवताना चाललेल्या गप्पांत आजोबा नुसतीच मान डोलावतात. या साऱ्याला घरात एक तयार उत्तर असते : ‘वय झाले.’ स्वतः आजोबाही तेच म्हणतात. हे उत्तर खोटे असतेच असे नाही; पण ते फार लवकर दिले जाते, आणि एकदा दिले गेले की कोणी कानात डोकावून पाहत नाही.

उतारवयात ऐकू कमी येण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील सर्वांत साधे आणि काही मिनिटांत दूर होऊ शकणारे कारण म्हणजे कानात घट्ट बसलेला मळ. प्रौढांमध्ये साधारण वीस जणांत एकाला असा मळ साचतो, तर वृद्धांमध्ये हे प्रमाण तीन जणांत एकापेक्षाही अधिक असल्याचे तज्ज्ञ मानतात. ज्यांना आपण ‘आता त्यांना ऐकू येत नाही’ म्हणून संभाषणातून वगळून टाकले, त्यांतील काहींचा कान केवळ साफ करण्याची गरज असते. याची दुसरी बाजूही आहे. ‘मळ असेल’ असे म्हणत घरी थेंब घालत बसल्याने काही जणांच्या उपचारांची मोलाची वेळ निघून जाते. म्हणून मळ, वय आणि आजार हे तीन प्रश्न वेगवेगळे ओळखणे आवश्यक आहे.

हा भेद आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांत कानात वाळून साचलेल्या मळाचा विकार वेगळा आहे आणि बाधिर्य वेगळे. आपल्या घरांतून मात्र दोन्हींची सरमिसळ होते.

मळ ही घाण नव्हे

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वळणदार असते. तिचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग कूर्चेचा, तर आतला दोन-तृतीयांश भाग हाडाचा असतो. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी केवळ बाहेरच्या भागात असतात. त्यांचा स्राव, त्वचेतील तेलकटपणा आणि झडलेल्या त्वचेचे कण मिळून मळ बनतो. तो किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू व बुरशी यांना आळा घालतो, पाणी त्वचेत मुरू देत नाही आणि धूळ किंवा बारीक किडा आत जाण्यापूर्वीच अडवतो.

हा मळ बाहेर टाकण्याची सोयही निसर्गाने केलेली आहे. कानाच्या नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने, साधारण नख वाढते त्याच मंद गतीने, सतत सरकत असते. आपण चावतो, बोलतो, जांभई देतो, तेव्हा जबड्याच्या हालचालीने मळ सुटतो आणि या सरकत्या त्वचेबरोबर छिद्रापाशी येऊन पडतो. म्हणून ज्या कानाला काही त्रास नाही, तो आतून साफ करण्याची गरज नसते. आंघोळीनंतर बाहेरची पाळी आणि छिद्राच्या कडा मऊ फडक्याने टिपून घेतल्या, की पुरे.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मळ बाहेरच्या भागात तयार होतो. तो थेट पडद्याला चिकटलेला आढळला, तर बहुतेक वेळा कोणीतरी तो काडीने आत ढकललेला असतो.

उतारवयात मळ का साचतो?

वय वाढते तशा कानातील ग्रंथी आक्रसतात. मळातील ओलसरपणा घटतो आणि तो कोरडा, कडक होतो. त्वचा सरकण्याचा वेगही मंदावतो. पुरुषांच्या कानात जाड, राठ केस वाढतात आणि त्यांत मळ गुंतून राहतो. श्रवणयंत्राचा साचा दिवसभर कानात असेल, तर मळाची बाहेर येण्याची वाटच बंद होते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला आपली तक्रार नीट सांगता येत नाही, त्यामुळे तिच्या कानात मळाचे खडे कित्येक वर्षे राहू शकतात.

नळी जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत ऐकण्यात फारसा फरक जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करताना कानात पाणी जाते, मळ फुगतो आणि कानाला एकदम दडे बसतात. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमू लागतो. खाज सुटते, कान जड वाटतो, आत गुणगुण ऐकू येते, क्वचित गरगरते. कानाच्या नळीला जी नस पोहोचते तिचे नाते घशाशीही असल्याने काही जणांना कोरडा खोकला लागतो. खोकल्याची औषधे घेऊनही तो थांबत नाही.

श्रवणाचा परिणाम इतरत्रही दिसतो. प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर उत्तर भलतेच येते. ते दोन-चार वेळा घडले, की ‘हल्ली यांना काही आठवत नाही’ असा शेरा मारला जातो. स्मरणशक्तीच्या तपासणीला नेण्यापूर्वी कानांची तपासणी झालेली असावी, ती याचसाठी.

कानात काय जाऊ नये?

आपल्या घरांत कान कोरण्याच्या साधनांची वाण नाही. केसांची पिन, आगकाडी, सेफ्टी पिन, विणकामाची सुई, स्कूटरची किल्ली, जे हाती येईल ते. कापूस लावलेल्या काड्या त्यांतल्या त्यात निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यांनी थोडा मळ बाहेर येतो आणि उरलेला आणखी आत दाबला जातो. वृद्धांच्या कानातील त्वचा पातळ असते. ती सहज खरचटते, तेथून जंतुसंसर्ग होतो. हात हिसकला, नातवंडाचा धक्का लागला, तर पडदा फाटण्यास क्षणही लागत नाही.

रेल्वे स्थानकाबाहेर किंवा जत्रेत लाल फेटा बांधून कान साफ करून देणारे अनेकांना ठाऊक असतील. एकच लोखंडी सळई दिवसभर अनेकांच्या कानांत फिरते, एवढे एक कारण त्यांच्यापासून दूर राहण्यास पुरेसे आहे. हल्ली मोबाईलला जोडण्याचा कॅमेरा असलेले कानकोरणेही बाजारात मिळते. पडद्यावर आतले चित्र दिसले म्हणून हात तज्ज्ञाचा होत नाही. आणि त्या चित्रात खोलीचा अंदाज येत नसतो. कानात पोकळ मेणबत्ती लावून मळ ओढून काढण्याचा प्रकार तर निव्वळ धोक्याचा. त्याने मळ निघत नाही. भाजण्याचा आणि वितळलेले मेण कानात सांडण्याचा धोका मात्र असतो.

तेलाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण लसूण तळून कोमट केलेले तेल कानात घालणे हा पिढ्यान्पिढ्यांचा घरगुती उपाय आहे. कढल्यातील तेल हाताला कोमट वाटले, तरी कानाच्या आतील नाजूक त्वचेला ते भाजू शकते. पडद्याला छिद्र असेल, तर तेच तेल मध्यकर्णात उतरते. पावसाळ्याच्या दमट हवेत सतत तेलकट राहिलेल्या कानात बुरशी वाढण्याची शक्यता असते. मग खाज, दुखणे आणि पांढरे-काळे किटण यांनी रुग्ण हैराण होतो. ज्यांना कर्णपूरण करून घ्यायचे असेल, त्यांनीही आधी पडदा शाबूत असल्याची खात्री करून घ्यावी आणि ते जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखालीच करावे.

घरी काय करता येते?

कान दुखत नसेल, वाहत नसेल, पूर्वी कधी फुटला नसेल, कानावर शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि पडद्याला छिद्र नसल्याचे माहीत असेल, तरच मळ मऊ करण्याचे थेंब घरी घालावेत. औषधाच्या दुकानात सोडियम बायकार्बोनेटचे थेंब मिळतात. साधे ऑलिव्ह किंवा बदामाचे तेलही चालते. मात्र बदामाची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. तेल गरम करू नये. बाटली काही वेळ मुठीत धरली, तरी थेंबांचा गारवा जातो.

कुशीवर निजून त्रास असलेला कान वर करावा. काळजी घेणाऱ्याने पाळी हळूच वर व मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. दोन-तीन थेंब घालून पाच मिनिटे तसेच पडून राहावे. उठताना थोडे सावकाश उठावे, कारण या वयात एकदम उठल्याने तोल जाऊ शकतो. बाहेर आलेले थेंब फडक्याने पुसावेत. कानात कापसाचा बोळा कोंबून ठेवू नये. दिवसातून दोनदा, असे तीन ते पाच दिवस करावे. पहिल्या दिवशी मळ फुगल्याने दडा वाढल्यासारखा वाटतो, त्याने घाबरू नये. दुखू लागले, आग झाली किंवा चक्कर आली, तर मात्र थेंब तत्काळ थांबवावेत. पाच दिवसांत फरक पडला नाही, तर पुढचे काम डॉक्टरांचे.

दवाखान्यात काय होते?

कान-नाक-घसा तज्ज्ञ दिव्याच्या छोट्या उपकरणातून कान पाहतात. मळ असेल तर तो तीन प्रकारे काढता येतो : बारीक हत्याराने, शोषणयंत्राने ओढून किंवा पाण्याच्या हलक्या धारेने. शोषणयंत्राचा आवाज मोठा वाटतो, पण त्यात डॉक्टरांना आतले सर्व दिसत असते. पाणी वापरताना ते शरीराच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. पाणी गार किंवा गरम असेल, तर अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवते आणि खोली गरगर फिरू लागते. वृद्ध व्यक्तीला अशी चक्कर आल्यास पडण्याचा धोका असतो.

खुर्चीत बसण्यापूर्वीच डॉक्टरांना पाच गोष्टी सांगाव्यात. पूर्वी कान फुटला होता का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू आहेत का, आणि एकाच कानाने ऐकू येते का. मधुमेही व्यक्तीच्या कानात पाणी मारल्यानंतर तीव्र संसर्ग होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे लहानशा ओरखड्यातूनही रक्त येत राहते. ज्याचा एकच कान कामाचा आहे, त्याच्या बाबतीत कोणताही धोका पत्करायचा नसतो. ही माहिती असली, की डॉक्टर योग्य पद्धत निवडतात.

मळ निघाल्यावर पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट नकोसा वाटतो. एक-दोन दिवसांत त्याची सवय होते. ज्यांच्या कानात मळ वारंवार साचतो, त्यांनी आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी कान दाखवून घ्यावेत.

मळ निघाला, तरी ऐकू येत नाही

आता वयाचा विचार करायला हरकत नाही. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा निर्माण होत नाहीत. वाढते वय, कारखान्यातील किंवा वाहनांचा गोंगाट, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान आणि काही औषधे यांनी त्यांची हानी होते. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात.

यामुळे घरात एक गमतीची, पण मनाला लागणारी तक्रार निर्माण होते : ‘त्यांना हवे तेच ऐकू येते.’ मुलाचे बोलणे समजते, सुनेचे किंवा नातीचे समजत नाही. यात मनाचा दोष नसतो. स्त्रियांचा आणि लहान मुलांचा स्वर उंच पट्टीतला असतो आणि नेमकी तीच पट्टी कानाने गमावलेली असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून कोणीतरी बोलत आहे हे कळते. परंतु स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्दांची ओळख पटत नाही. ‘साठ’चे ‘आठ’ होते, ‘ताक’ मागितले की ‘ताट’ येते. औषधाची वेळ किंवा मात्रा सांगताना असा घोटाळा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ हे वृद्धांचे वाक्य म्हणून शब्दशः खरे मानावे.

ओरडूनही उपयोग होत नाही. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. मधली जागा फार अरुंद असते. ‘मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडतोस कशाला?’ ही दोन वाक्ये आजोबा एका मिनिटात म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

कान स्वच्छ असताना केलेली श्रवणतपासणी नेमके चित्र दाखवते. शांत खोलीत कानाला ध्वनियंत्र लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवले जातात आणि त्यांचा आलेख काढला जातो. सर्वसाधारण संभाषण सुमारे ६० डेसिबलचे, कुजबुज ३० च्या आसपास. कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलपासून ऐकू येऊ लागतो, हे त्या आलेखावरून कळते. मळ न काढता तपासणी केली, तर आकडे फसवे येतात आणि त्यांवरून घेतलेले यंत्र चुकीचे ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते आणि ६० वर्षांवरील लोकांत चारांमागे एकापेक्षा अधिक जणांचे श्रवण दैनंदिन व्यवहारांत अडथळा येईल इतके घटलेले असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत केली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत सर्वांच्या सरासरीत श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. परंतु ज्यांना घसरणीचा धोका आधीच अधिक होता, त्यांच्यात तिचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. श्रवणयंत्र हे स्मृतिभ्रंशावरील औषध आहे, असा याचा अर्थ नाही. तरीही न ऐकू येणे सोसत बसण्याची किंमत केवळ कानापुरती नसते, एवढे यातून कळते.

जेथे थांबू नये

एका कानाने काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजावी. अंतर्कर्णाची नस अचानक निकामी होण्याचा हा प्रकार मळाच्या दड्यासारखाच वाटतो, म्हणून लोक आठवडाभर थेंब घालत राहतात. या आजारात डॉक्टर स्टिरॉइड गटातील औषधे देतात. ती पहिल्या काही दिवसांतच सुरू झाली, तर लाभाची शक्यता अधिक असते. दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच घटते. ही औषधे साखर वाढवतात, म्हणून मधुमेह असल्यास तसे आवर्जून सांगावे.

घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘हूं’ असा लांब सूर काढावा. दडा बसलेल्या कानातच तो अधिक घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त. तो चांगल्या कानाकडे ऐकू आला, तर नसेविषयी शंका घ्यावी. हा केवळ अंदाज आहे. उत्तर काहीही आले, तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मधुमेही वृद्धाचा कान रात्री झोपू न देण्याइतका ठणकू लागला आणि वाहू लागला, तर तो संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. त्यात एक दिवसाचाही उशीर नको. ऐकू न येण्याबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, हातपाय लुळे पडले किंवा तोल गेला, तर कानाच्या दवाखान्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे. कानातून रक्त येणे, किंवा एकाच कानात नव्याने सुरू झालेली, नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडणारी गुणगुण, हीसुद्धा लवकर दाखवण्याची लक्षणे होत.

श्रवणयंत्र घेताना आणि घेतल्यावर

यंत्र श्रवणतपासणीनंतर, श्रवणतज्ज्ञाकडून जुळवून घ्यावे. बाजारात मिळणारे स्वस्त आवाजवर्धक सर्वच आवाज सरसकट वाढवतात; मग त्यात भांड्यांचा आवाज बोलण्यावर मात करतो आणि यंत्र कपाटात जाते. दोन्ही कानांना दोष असेल, तर शक्यतो दोन यंत्रे वापरावीत, म्हणजे आवाज कोणत्या दिशेने आला हेही कळते. पहिले काही आठवडे सवयीचे असतात. सुरुवातीला शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना तास-दोन तास वापरावे आणि वेळ वाढवत न्यावी. लग्नसमारंभाच्या गर्दीत पहिला दिवस घालवू नये.

यंत्र बंद पडले की ते बिघडलेच असे समजू नये. आवाज बाहेर पडण्याचे छिद्र मळाने बुजलेले असते, हे नित्याचे कारण. सोबत मिळालेल्या छोट्या ब्रशने ते रोज साफ करावे. यंत्र शिट्टी मारू लागले, तर साचा नीट बसला आहे का आणि कानात मळ आहे का, हे दोन्ही पाहावे. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत, यंत्र ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

खर्चाच्या भीतीने अनेक जण तपासणीच टाळतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणीची सोय आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना देण्याच्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तींना अशी साधने घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात सध्याच्या अटींची चौकशी करावी.

घरच्यांनी कसे बोलावे?

यंत्र असो वा नसो, बोलणाऱ्याची पद्धत बदलली की निम्मे काम होते. आधी नाव घेऊन किंवा खांद्यावर हात ठेवून लक्ष वेधावे, मग बोलावे. स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. समोर, उजेडात बसावे, म्हणजे ओठ आणि चेहरा दिसतो. आवाज किंचित मोठा, पण पट्टी खालची ठेवावी आणि शब्द सावकाश उच्चारावेत. एक वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही, तर तेच ओरडून सांगण्यापेक्षा शब्द बदलावेत. ‘साठ’ कळत नसेल तर ‘सहा दहा’ म्हणावे, किंवा कागदावर लिहून द्यावे. औषधांच्या वेळा तर नेहमी लिहूनच ठेवाव्यात. बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद असावा.

‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य मात्र घरातून काढून टाकावे. चुकलेला शब्द पुन्हा सांगायला पाच सेकंद लागतात. तो सांगितला गेला नाही, तर हळूहळू विचारणेच बंद होते, आणि मग माणूस जेवणाच्या पानावर बसलेला असूनही घरातल्या बोलण्याच्या बाहेर राहतो.

या पंधरवड्यात एवढे करावे

घरात साठीपुढची व्यक्ती असेल, तर तिच्या पुढच्या रक्तदाब किंवा साखरेच्या तपासणीच्या वेळी ‘कानही पाहा’ असे डॉक्टरांना सांगावे. जाण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : ऐकू कमी येणे एका कानाचे की दोन्हींचे, कधीपासून, एकदम की हळूहळू, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. काही प्रतिजैविके आणि कर्करोगावरील काही औषधे श्रवणावर परिणाम करतात, म्हणून ही शेवटची ओळ विसरू नये. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. आणि घरी परतल्यावर उशापाशी, आरशाच्या खणात, देवघराच्या फडताळात कान कोरण्यासाठी ठेवलेल्या पिना नि काड्या काढून टाकाव्यात. वर्षानुवर्षांची सवय असल्याने त्या पुन्हा हातात येतातच. निदान समोर तरी असू नयेत.